नानांच्या डोक्यातली कामं मोबाईलमध्ये आणली, मायक्रोसॉफ्ट टू डू वापरून

आमची यावल तालुक्यात सहा एकर केळी, अर्धी मृगबाग अर्धी कांदेबाग. म्हणजे एका बागेची लागण जूनमधली आणि दुसरीची ऑक्टोबरमधली, दोघींचं वय वेगळं, खत वेगळं, फवारणी वेगळी, आणि हा सगळा हिशोब इतकी वर्षं नानांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या डोक्यात आणि मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये नानांची अँजिओप्लास्टी झाली, आठ दिवस जळगावला दवाखान्यात, आणि मी शेतात त्या भिंतीसमोर उभा. भिंतीवर १२ लिहिलंय, ती तारीख, का किलो, का कांदेबागेचं १२:६१:०० खत, काहीच कळेना आणि त्यांना फोन करून विचारावं अशी त्यांची अवस्था नव्हती. खूप भीती वाटली तेव्हा.

नाना घरी आल्यावर रोज संध्याकाळी त्यांच्या खाटेजवळ बसायचो, ते सांगायचे आणि मी मोबाईलमध्ये मराठीत बोलून टाकायचो. चार संध्याकाळीत ६१ कामं निघाली! बुडाशी फुटलेली पिल्लं कापायची, ड्रीपच्या नळ्या धुवायच्या, निसवण झाली म्हणजे घड बाहेर पडला की केळफूल मोडायचं, घडाला पिशवी घालायची, पावसाळ्यात करपा रोगाची पानं काढायची, सीएमव्ही या विषाणू रोगाचं झाड दिसलं की उपटून गाडायचं. यातली निम्मी तरी मला माहीत होती पण कधी करायची ते माहीत नव्हतं.

मायक्रोसॉफ्ट टू डू हे कामांच्या यादीचं ॲप फुकट आहे, फक्त मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. अँड्रॉइड, आयफोन, कॉम्प्युटर सगळीकडे तीच लिस्ट दिसते. बाकी फीचर खूप आहेत पण मला खरी कामाला आली ती दोनच.

पहिलं, रिपीट. रोज, आठवड्याला, महिन्याला किंवा आपल्या मनानं "दर ४ दिवसांनी" असं लावता येतं, कामावर टिक केली की पुढच्या तारखेचं काम आपोआप तयार. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा अन एक आठवडा रात्री, म्हणून मी "रात्रीची लाईट" हे काम दर २ आठवड्यांनी सोमवारी लावलंय. एक गोष्ट मात्र समजून घ्या, पुढची तारीख तो ठरलेल्या तारखेवरून मोजतो, आपण काम कधी केलं त्यावरून नाही. पाऊस आला आणि खत तीन दिवस उशिरा सोडलं तर पुढची तारीख हातानं सरकवावी लागते, नाहीतर दोन डोस जवळजवळ येतात. हे पिकाच्या दृष्टीनं मोठं आहे, विसरू नका.

दुसरं, लिस्ट शेअर करणं. लिंक पाठवली की समोरचा त्याच लिस्टमध्ये येतो आणि कुठलं काम कोणाचं ते नावानं लावता येतं. आमच्या सालदाराला (वर्षाच्या बोलीवर शेतात कामाला असलेला गडी) आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या भावाला घेतलंय. भाऊ पुण्यातून बघतो की आज फवारणी झाली का, आणि औषधाचं बिल फोटो काढून कामालाच जोडून ठेवतो (फाईल २५ एमबीपर्यंत जाते). सालदार टिक करतो तेव्हा मला बरं वाटतं, कारण आधी "झालं का रे भो" विचारायला दिवसातून पाच फोन व्हायचे आणि त्यालाही ते टोचायचं.

माय डे म्हणजे फक्त आजच्या कामांची यादी, ते पण चांगलं आहे, रोज रात्री बारानंतर ते कोरं होतं, मग सकाळी चहा घेताना आज काय काय ते आपणच निवडायचं. ६१ ची यादी बघून छातीत धडकी भरते, सहा-सातची बघून माणूस कामाला लागतो.

आता चुकलेलं सांगतो. सुरुवातीला दोन रिमाइंडर वाजलेच नाहीत, एक तर सीएमव्ही बघायचं होतं, आणि आठवड्यानं बघितलं तर तीनच्या जागी अकरा झाडं. दोष मोबाईलच्या बॅटरी सेव्हरचा निघाला, तो पाठीमागं चालणारे ॲप बंद करत होता. सेटिंगमध्ये जाऊन या ॲपवरची बॅटरीची बंदी काढली तेव्हापासून नीट वाजतंय. घेतल्या घेतल्या आधी हे करा.

आणि तिथी. आमच्याकडे सालदाराचं साल आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला धरतात, हिशोब, नवी बोली, कपडे सगळं त्या दिवशी. २०२४ ला आखाजी १० मेला होती म्हणून मी तीच तारीख दरवर्षी रिपीट लावून मोकळा झालो, आणि २०२५ ला आखाजी आली ३० एप्रिलला! आईनं कॅलेंडर बघून आठवण केली म्हणून बरं, नाहीतर बँकेतून पैसे काढायलाही वेळ नव्हता. आता दिवाळीत नवं कॅलेंडर आलं की आखाजी, पोळा, सगळ्या तारखा बसून हातानं टाकतो, अर्धा तास लागतो.

बाजारात दुसरे ॲप आहेत, टोडोइस्टमध्ये तर काम केलं त्या दिवसापासून पुढचे दिवस मोजायची सोय आहे, "एव्हरी" शब्दापुढे उद्गारचिन्ह टाकलं की झालं, आणि खतासाठी तेच बरोबर आहे. तरी मी टू डूवरच राहिलो कारण सालदाराला एकदा शिकवलंय, त्याची सवय मोडायची नाही.

नाना आता बरे आहेत, रोज बागेत येतात. भिंतीवर अजून कोळशानं लिहितात, आणि लिहून झालं की मला हाक मारतात, टाक रे तुझ्यात पण.