एएसए ग्रेडमध्ये एकवाक्यता: तक्ता, केस-चर्चा की सॉफ्टवेअर?

एएसए ग्रेड म्हणजे ऑपरेशनआधी रुग्णाची प्रकृती सांगणारा आकडा; आकडा जितका मोठा तितकी प्रकृती वाईट. पीएसीत, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीत, एकाने एएसए २ लिहिलेला रुग्ण ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) पोचेपर्यंत ३ होतो, हे कुठल्याही भूलतज्ज्ञाला नवीन नाही. हा गोंधळ कमी करायचा तर विभागप्रमुखासमोर साधारण तीन मार्ग असतात.

सर्वांत स्वस्त म्हणजे उदाहरणांचा तक्ता. १९४१ पासून चालत आलेल्या या वर्गीकरणाच्या व्याख्या मोघम आहेत. म्हणून अमेरिकन सोसायटी ऑफ अ‍ॅनेस्थेसियॉलॉजिस्ट्सने (हीच ‘एएसए’) २०१४ मध्ये उदाहरणे मान्य केली; २०२० मध्ये लहान मुलांची आणि गरोदर स्त्रियांची वाढवली. मधुमेह आटोक्यात असेल तर २, नसेल तर ३. बीएमआय ३० ते ४० मध्ये असेल तर २, ४० किंवा जास्त असेल तर ३. हार्ट अटॅक येऊन तीन महिने व्हायचे असतील तर ४, उलटून गेले असतील तर ३. वाद बरेच मिटतात, सगळे नाही: ‘आटोक्यात’ म्हणजे नेमकी किती शुगर, हे तिथेही लिहिलेले नाही.

ते ठरते केस-चर्चेत. आणखी एक सवयही तिथेच उघडी पडते: ऑपरेशन मोठे म्हणून ग्रेड वाढवणे. ग्रेड रुग्णाच्या प्रकृतीची, ऑपरेशनची नव्हे, हे मूळ मांडणीतच आहे. जिथे निवासी डॉक्टर दरवर्षी बदलतात त्या मेडिकल कॉलेजात ही चर्चा हवीच. दिवसाला चार नर्सिंग होम फिरणाऱ्या फ्रीलान्स भूलतज्ज्ञांना एकत्र बसवणे मात्र जवळपास अशक्य.

सॉफ्टवेअर तीच माहिती दिली की तेच उत्तर देते. पण एकसारखे म्हणजे बरोबर असे नाही. आजींना दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागतो, हे नोंदीत नसेल तर ते त्याला कुठून कळणार? कागदी फाइलवर चालणाऱ्या हॉस्पिटलने यावर खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

माझी निवड: पीएसी फॉर्मच्या मागे तक्ता छापा आणि ग्रेडपुढे कारणासाठी एक ओळ ठेवा. ‘एएसए ३, नियमित डायलिसिस’, इतके पुरे. अंतिम ग्रेड भूल देण्याच्या दिवशीच ठरते, त्यामुळे पीएसीनंतरचा प्रत्येक बदल चूक नसतो. मधल्या काळात दमा उसळलेला असू शकतो. कारण लिहिलेले असेल तरच प्रकृती बदलली की डॉक्टर बदलला, हे फाइलवरून कळते.