रात्र काळी का, हे सांगणारा तारांगणातील खेळ

असंख्य दीर्घिका असूनही रात्रीचे आकाश काळे का, या एकाच प्रश्नाला वाहिलेला तारांगणातील खेळ मी नुकताच पाहिला. त्याचा पूर्वार्ध इतका उत्तम आहे की केवळ त्यासाठी मी पुन्हा जाईन.

या भागात प्रेक्षकांभोवती ताऱ्यांची कवचे एकामागून एक रचली जातात. दुप्पट अंतरावरच्या, तेवढ्याच जाडीच्या कवचातील प्रत्येक ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत चौथा हिस्साच पोहोचतो, परंतु त्या कवचात तारेही चौपट मावतात. म्हणून विश्व अनंत, अनादी आणि स्थिर असेल तर नजर जिकडे वळेल तिकडे ती शेवटी कुठल्या तरी ताऱ्याच्या पृष्ठभागावरच जाऊन टेकेल. निवेदन चालू असताना घुमटावरील काळ्या फटी बुजत जातात आणि अखेर सारे आकाश सूर्यबिंबासारखे धगधगू लागते. कागदावर हे गणित मी अनेकदा केले होते, पण त्याचा अर्थ माझ्या डोळ्यांना त्या क्षणी कळला.

खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६१० मध्ये मांडलेला हा पेच जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्सच्या नावाने ओळखला जातो. ओल्बर्सने १८२३ मध्ये सुचवलेले उत्तर, म्हणजे अंतराळातील द्रव्य प्रकाश शोषून घेते, का टिकत नाही हेही नीट दाखवले आहे: प्रकाश शोषणारे द्रव्य तापते आणि कालांतराने स्वतःच तेवढेच उजळते.

माझा आक्षेप उत्तरार्धावर आहे. तेथे काळोखाचे जवळजवळ सारे श्रेय विश्वाच्या प्रसरणाला दिले आहे. प्रसरणामुळे दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश ताम्रसृत होऊन, म्हणजे त्याच्या लहरी ताणल्या जाऊन लाल रंगाकडे सरकून, क्षीण होतो, हे खरेच. परंतु मुख्य कारण विश्वाचे वय आहे. सुमारे १३८० कोटी वर्षांत जेथून प्रकाश येऊ शकला तेवढेच आपल्याला दिसते, त्यापलीकडच्या कवचांचा प्रकाश अजून वाटेतच आहे, आणि तारेही आकाश भरून टाकण्याइतकी ऊर्जा देऊ शकत नाहीत. विश्वशास्त्रज्ञ एडवर्ड हॅरिसन यांनी विसाव्या शतकात गणिताने मांडलेला हा मुद्दा येथे एका वाक्यात उरकला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटले.

प्रसरणाचा खरा प्रताप शेवटच्या दृश्यात आहे. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना सर्व दिशांना सुमारे ३००० केल्विन तापमानाचा प्रकाश होता. तो जवळपास ११०० पट ताणला जाऊन आज २.७ केल्विनचे सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) प्रारण म्हणून पोहोचतो, आणि रेडिओ खगोलशास्त्रज्ञ पेन्झियस व विल्सन यांनी ते शोधल्याचे १९६५ मध्ये जाहीर झाले. उजळलेले आकाश आजही आहे, केवळ डोळ्यांना दिसत नाही, हा विचार मांडून निवेदन थांबते आणि घुमट पूर्ण काळा केला जातो. दुर्दैवाने बाहेर पडण्याच्या दारावरील दिव्याचा उजेड घुमटावर पसरत असल्याने तो काळोख राखाडीच दिसतो. सुरक्षेसाठी तो दिवा हवाच, पण वरच्या बाजूने त्याला आडोसा करणे व्यवस्थापनाला सहज शक्य आहे.