एकमान की त्रैराशिक?

कोल्हापुरात गूळबाजाराजवळ राहतो, म्हणून गणितही गुळाचंच. १२ किलो गूळ ६६० रुपयांना, तर ७ किलो केवढ्याला?

एकमान पद्धतीत आधी एका किलोचा भाव काढायचा: ६६० ÷ १२ = ५५. मग ५५ × ७ = ३८५ रुपये. त्रैराशिकात, म्हणजे माहीत असलेल्या तीन संख्यांवरून थेट चौथी काढताना, ७ × ६६० ÷ १२, उत्तर तेच. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये हाच नियम दिला होता: फळाला (इथे ६६०) इच्छेने (७) गुणा, प्रमाणाने (१२) भागा.

आता ९ किलो ४०० रुपयांना, तर ३६ किलो? एकमानानं गेलं की भाव ४४.४४… असा लांबत जातो. पोरगं तो ४४.४४ वर तोडतं आणि उत्तर येतं १५९९.८४. त्रैराशिकवाला ३६ × ४०० ÷ ९ मांडतो आणि बघतो, ३६ म्हणजे ९ च्या चौपट. १६०० रुपये, विषय संपला! गुणाकार आधी, भागाकार शेवटी, एवढंच पाळायचं.

पण ऊसतोडीचं उदाहरण आलं की त्रैराशिक पाठ केलेली पोरं हमखास आपटतात. ६ मजूर एक फड ४ दिवसांत तोडतात, तर ८ मजूर? त्याच ठोकळ्यात, म्हणजे पाठ केलेल्या सूत्रात, आकडे भरले की ८ × ४ ÷ ६, म्हणजे सव्वापाच दिवसांच्या वर. माणसं वाढली आणि दिवसही वाढले! एकमानात मात्र 'एकट्याला किती दिवस?' हे विचारावंच लागतं: २४. आठ जणांत वाटले, ३ दिवस.

माझ्या भाचीला पाचवी-सहावीत मी एकमानच करायला लावलं. त्रैराशिक सातवीत, तेही व्यस्त प्रमाण, म्हणजे एक वाढलं की दुसरं घटतं, हे कळल्यावर.