क्लिओ लेन की नॉर्मा विन्स्टन: आधी कोणाला ऐकावे?

इंग्लंडमधील जॅझ गायन नव्याने ऐकू पाहणाऱ्यापुढे बहुधा ही दोन नावे येतात. दोघींनी आवाजाकडून करून घेतलेले कामच मुळात वेगळे असल्यामुळे निवड विचारपूर्वक करावी.

क्लिओ लेन यांचा जन्म १९२७ साली साउथॉल येथे झाला. वडील जमैकाचे, आई इंग्रज. १९५१ मध्ये त्या जॉन डँकवर्थ यांच्या वाद्यवृंदात आल्या, १९५८ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि डँकवर्थ यांच्या निधनापर्यंत दोघांची कारकीर्द एकमेकांत गुंतलेली राहिली. खर्जातला किंचित घोगरा, उबदार स्वर आणि तिथून तारसप्तकापलीकडे घेतलेली झेप ही त्यांची ओळख खरी. पण मला त्याहून मोलाचे वाटते ते त्यांचे शब्दोच्चारण. शेक्सपिअरच्या काव्यावरील १९६४ च्या ध्वनिमुद्रिकेत प्रत्येक अक्षर लयीला धक्का न लावता स्पष्ट उमटते. रंगभूमीवरील संगीतिका, संगीतकार शोनबर्गची आधुनिक रचना आणि जॅझ असा त्यांचा संचार होता. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधील मैफलीच्या ध्वनिमुद्रणासाठी त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ६ फेब्रुवारी २०१० रोजी डँकवर्थ यांचे निधन झाले, तरी त्याच संध्याकाळी वेव्हंडन येथील त्यांच्या ‘द स्टेबल्स’ या सभागृहात ठरलेला कार्यक्रम लेन यांनी पार पाडला आणि ती वार्ता श्रोत्यांना अखेरीस सांगितली. ही निष्ठा त्यांच्या गाण्यातही ऐकू येते. २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मात्र त्यांचे कौशल्य कधीकधी गाण्याहून मोठे होते, हेही सांगितले पाहिजे.

नॉर्मा विन्स्टन यांचा जन्म १९४१ चा, पूर्व लंडनमधील बो येथला. पियानोवादक जॉन टेलर आणि ट्रम्पेटवादक केनी व्हीलर यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅझिमथ’ हे त्रिकूट उभे केले, ज्याची पहिली ध्वनिमुद्रिका १९७७ ची आहे. तेथे त्या पुष्कळदा शब्दांवाचून गातात आणि त्यांचा आवाज ट्रम्पेटशेजारी आणखी एक वाद्य होऊन राहतो. आकारातील आलाप ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हे परके वाटू नये, जरी येथे राग नाही आणि स्वरसंवादाची पार्श्वभूमी सतत बदलत असते. शब्द त्या टाळतात असेही नाही. जिमी रोल्स यांच्या ‘द पीकॉक्स’ या वाद्यरचनेला त्यांनीच शब्द दिले.

भावगीत किंवा नाट्यगीतातून येणाऱ्याने लेन यांच्या १९६४ च्या ध्वनिमुद्रिकेपासून सुरुवात करावी. ख्यालाची सवय असलेल्याने मात्र थेट विन्स्टन यांची १९८७ ची ‘समव्हेअर कॉल्ड होम’ लावावी: तीत टेलर यांचा पियानो आणि टोनी को यांचे सनईच्या जातीचे क्लॅरिनेट व सॅक्सोफोन, एवढीच साथ आहे. ती रात्री, घर शांत झाल्यावर ऐकावी.