मांजर गादीवर मुतायला लागलं तर इथे दाखवा

बेळगावात टिळकवाडीतल्या या जनावरांच्या दवाखान्यात मांजराचं विचित्र वागणं 'खोडी' म्हणून सोडून देत नाहीत, हे फार मोलाचं. डॉक्टर आधी पोट चाचपून मूत्राशय बघतात, मग लघवी तपासतात; १० वर्षांवरच्या मांजराचं थायरॉईड आणि किडनीसाठी रक्तही. त्यात काही निघालं नाही तरच घरातल्या बदलांची चौकशी.

घरातल्या वागण्याचा मोबाईलवर व्हिडिओ न्याच, टेबलावर मांजर आखडून बसतं आणि काहीच दाखवत नाही. बोका सारखा कुंथतोय आणि थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट बघू नका. तुंबलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते. घरची पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका, मांजराला ती विष आहे.

संध्याकाळी कुत्र्यांची गर्दी असते. खानापूर-निपाणीहून येणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी, टोपलीवर टॉवेल टाकावा.