कडप्पा की प्लायचे बॉक्स? जुन्या घराचं स्वयंपाकघर नव्याने करताना

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीच्या जुन्या इमारतीत असो की वाशी-नेरूळच्या सिडकोच्या घरात, स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं की गाडी ओट्याखाली येऊन अडते. उभे कडप्पे लावून त्यात स्टीलच्या ट्रॉल्या बसवायच्या, की कारखान्यातून तयार प्लायचे बॉक्स आणून जोडायचे? वर ग्रॅनाइट दोन्हीकडे हवाच. कडप्पा चुनखडीच्या जातीचा, त्यावर लिंबू-कोकमाचे डाग बसतात.

आमच्या नौपाड्याच्या घरात आधी प्लायचे बॉक्स होते, आता कडप्पा आहे.

बॉक्सचं काम देखणं होतं, हे मान्यच करायला हवं. जोडणी झटपट झाली, दगड कापण्याची धूळ नाही, ड्रॉवर अलगद बंद व्हायचे. कडप्प्याच्या वेळी घरभर भुकटी झाली, आवाजावरून शेजाऱ्यांची समजूत काढावी लागली, आणि दगडाच्या जाडीत थोडी रुंदी गेली ती गेलीच.

पण आपल्याकडे ओटा नुसता पुसत नाहीत, धुतात. त्यात खाडीकाठची हवा, पावसाळ्यात भिंतीसुद्धा दमट. सिंकचा वेस्ट पाइप कधीतरी ठिबकतोच, आणि सामानाच्या मागे ते दिसत नाही. आमच्याकडे सिंकखालच्या बॉक्सचा तळ फुगला, लॅमिनेट कडेने सुटलं, कुबट वास जाईना. शेवटी बिजागरीचे स्क्रू प्लायचा भुगा घेऊन बाहेर यायला लागले. प्लाय आयएस ७१० चा, म्हणजे मरीन होता. त्याचा डिंक ७२ तास उकळूनही सुटू नये अशी त्याची कसोटी असते. पण पाइपसाठी जागेवर पाडलेल्या भोकाची कड उघडीच राहते, आणि पाणी तिथूनच आत शिरतं. ते भोक नीट सील करणारा कारागीर मिळाला तर बॉक्स चांगले टिकत असतीलही. मला मात्र रोज त्या कप्प्यात हात घालून ओल चाचपायची सवय लागली होती आणि तिचा अगदी कंटाळा आला होता. आता तिथे दगड आहे. पाणी सांडलं की फडकं फिरवायचं.

दुसरं म्हणजे घराचं घरपण. बॉक्स ठरावीक मापांचे, आणि जुन्या इमारतीत भिंती काटकोनात नसतात. उरलेल्या फटीवर पट्टी मारतात आणि तिच्यामागे झुरळं राहायला येतात. कडप्पा हवा तसा कापून मिळतो. आईची उंची कमी, म्हणून ओटा ३१ इंचांवर घेतला. खालच्या दगडी फळीवर तिचा पाटा-वरवंटा आणि पितळेचं पिंप ठेवलं आहे. एवढं वजन ड्रॉवरवर टाकायला मी तरी धजावलो नसतो. समोरची शटर प्लायचीच आहेत, जांभळट रंगाची, आईनेच निवडलेली. रंगाचा कंटाळा आला तर तेवढीच बदलता येतील.

बाथरूममध्येही मी याच हिशेबाने गेलो. भिंतीत लपवलेला फ्लश टँक सुंदर दिसतो, आम्ही बाहेरचा घेतला. बिघडला तर नाक्यावरचा प्लंबर टाइल न फोडता उघडू शकतो. वाचलेल्या पैशांतून आजोबांच्या तांब्याच्या घंगाळासाठी कोपऱ्यात कट्टा बांधला. वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल लावण्याआधी, नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं तोंड, बुजवून ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्यांचं छत बघून या. यात मात्र घाई नको.

भाड्याने द्यायचं घर असेल, किंवा थोड्या वर्षांत विकायचं असेल, तर बॉक्स घ्यायला हरकत नाही. राहत्या घरात, विशेषतः घरात म्हातारं माणूस असेल तर, मी कडप्प्याकडे झुकेन. फक्त दगडाचा मिस्त्री आणि ट्रॉलीवाला यांची आधी एकदा गाठ घालून द्या. ट्रॉली दोन कडप्प्यांमधल्या आतल्या अंतरावर बनते, तेव्हा ते माप कडप्पे उभे राहिल्यावरच घ्यायला सांगा.