माझा मुलगा आठ वर्षांचा, अहवाल अकरा वर्षांचा

माझ्या मुलाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, गणवेशाच्या कॉलरमागचा टॅग टोचतो म्हणून तो वर्गात मान खाजवत बसतो, आणि मागच्या वर्षी नागपूरच्या महाल भागात मारबतीची मिरवणूक आली तेव्हा ढोल ऐकताच कानांवर हात दाबून तो रस्त्यातच खाली बसला. शाळेतल्या बाईंनी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या विकाराची, शंका बोलून दाखवल्यावर मी आधी डॉक्टरांकडे जायला हवे होते. मी गेले रामदासपेठेतल्या एका ‘ब्रेन मॅपिंग’ केंद्रात.

तिथे त्याच्या कपाळाला दोन पट्ट्यांचा हेडबँड बांधला, दहा मिनिटे पडद्याकडे बघायला लावले आणि डोक्याचे लाल-निळे चित्र छापून हाती दिले. मेंदूतल्या संथ थीटा लहरी वाढल्या आहेत, वेगवान बीटा कमी आहेत, त्यामुळे आवाज आणि स्पर्श मेंदूत गाळले जात नाहीत, न्यूरोफीडबॅकच्या, म्हणजे आपल्या मेंदूच्या लहरी पडद्यावर बघत त्या बदलण्याच्या सरावाच्या, चाळीस बैठकांत सगळे सुरळीत होईल आणि गोळ्यांची गरजच पडणार नाही, असे त्यांनी ठामपणे सांगितले. माझ्या मुलाच्या वागण्याला कोणीतरी पहिल्यांदाच खोड्या न म्हणता कारण दिले होते, म्हणून मी त्याच दिवशी साठ हजार रुपये भरले.

नऊ बैठका झाल्या तरी फरक दिसेना, तेव्हा मी अहवाल घेऊन मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, मानसोपचार विभागात गेले. डॉक्टरांनी चौथ्या पानावर बोट ठेवले. तिथे वय अकरा छापलेले होते. थीटा म्हणजे सेकंदाला 4 ते 8 आवर्तनांच्या लहरी आणि बीटा म्हणजे साधारण 13 ते 30. वय वाढते तसे थीटाचे बीटाशी असलेले प्रमाण उतरत जाते, म्हणून आठ वर्षांच्या मुलाची तुलना अकरा वर्षांच्या मुलांशी केली तर ते वाढलेले दिसणारच. शिवाय पेंग आली की थीटा वाढते, आणि डोळ्यांची उघडझाप कपाळावरच्या पट्ट्यांत संथ लहरींसारखी उमटते. माझा मुलगा त्या दिवशी शाळेतून थेट तिथे गेला होता आणि जांभया देत होता.

एडीएचडी असलेल्या अनेक मुलांना आवाजाचा, स्पर्शाचा असा त्रास होतो हे खरे आहे, पण निदान या लहरींवरून होत नाही. लक्षणे 12 वर्षांच्या आत सुरू झालेली असावी लागतात, किमान सहा महिने टिकावी लागतात आणि घरी व शाळेत अशा दोन ठिकाणी तरी दिसावी लागतात. डॉक्टर ते आई-वडिलांशी व शिक्षकांशी बोलून ठरवतात. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्येच थीटा-बीटा प्रमाणाला नेहमीच्या तपासणीची जागा देऊ नये असे बजावले होते. बैठकांचेही तसेच: 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 7 ते 10 वर्षांच्या मुलांपैकी काहींना खरे आणि काहींना नुसते दिखाव्याचे न्यूरोफीडबॅक दिले गेले, आणि दोन्ही गटांत सुधारणा सारखीच झाली. हे मला पैसे भरण्याआधी कोणी सांगितले असते तर माझ्या मुलाचे चार महिने वाया गेले नसते. पैशांपेक्षा मला त्याचीच जास्त चुटपुट लागते.

पैसे परत मागितल्यावर त्यांनी पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ‘परतावा मिळणार नाही’ ही ओळ दाखवली. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्जही केला आहे. अर्जाला पावती जोडली आहे, शाळेचा जन्मतारखेचा दाखला जोडला आहे, आणि ते चौथे पान.